मूर्तिजापूर ते ऋणमोचन : वही कोणाच्या हातात?

मुंबई-नागपूर लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्यामध्ये मूर्तिजापूर लागते. या गावाला जंक्शनचा मान मिळाला तो एका लहानशा गाडीमुळे. वऱ्हाडातील माणसे तिला शकुंतला म्हणतात. मूर्तिजापूरहून तिचा एक फाटा यवतमाळला जातो, ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, ७७ किलोमीटर. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने हा मार्ग उभारला. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. नंतर डिझेलचे इंजिन आले आणि गेल्या काही वर्षांत तर गाडीच थांबली. आज रुळांवर गवत वाढलेले दिसते.

ही गाडी कशासाठी आली, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. ती आली कापसासाठी. यवतमाळ आणि अचलपूरकडचा कापूस मूर्तिजापुरात यायचा, तेथून मोठ्या गाडीने मुंबई बंदरावर आणि बोटीने विलायतेच्या गिरण्यांत जायचा. कापूस बाहेर गेला, त्याचे कापड झाले आणि ते पुन्हा इथल्याच बाजारात विकायला आले. कापूस पिकविणाऱ्याच्या आणि वेचणाऱ्याच्या घरी मात्र काय राहिले? बहुतेकांच्या घरी राहिले ते कर्ज.

आम्ही व्यवसायाने कारकून. जमाखर्च लिहिण्यात निम्मे आयुष्य गेले. कार्यालयातील पगारदार नोकरांच्या पतसंस्थेच्या कामातही आमचा थोडाफार हात असतो. त्यामुळे मूर्तिजापूरला जाण्याचा योग आला तेव्हा कर्जाचा आणि पतसंस्थेचा इतिहास या मुलखात कसा घडला ते जागेवर जाऊन पाहावे, असे आम्ही ठरविले. सोबत दोन कार्यकर्ते होते. मूर्तिजापूर, दापुरा आणि ऋणमोचन असा हा लहानसा प्रवास झाला.

काळी जमीन आणि खारे पाणी

मूर्तिजापूर सोडून पूर्णा नदीच्या दिशेने निघाले की दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन लागते. पाहणाऱ्याला वाटते, या मुलखात दारिद्र्य कसे असेल? पण हा खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खणली तरी ते पाणी ना पिण्याच्या कामाचे, ना ओलिताच्या. म्हणजे सारी भिस्त पावसाच्या एका पिकावर. पैसा वर्षातून एकदा येणार आणि खर्च मात्र बाराही महिने होणार. ही जी मधली पोकळी असते, तिथेच सावकार पाय रोवतो.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग पुढे सरकत होता. १८६७ साली तो नागपूरला पोहोचला. युद्ध संपले आणि भाव कोसळले. भाव असताना सावकाराने मोकळ्या हाताने पैसा दिला होता. तो भाव पडल्यावर कुळाच्या गळ्याला लागला. सरकारचा सारा तर रोखच भरावा लागे. जमीन गहाण पडत गेली.

हे झाले जमीनवाल्याचे. आपल्या आजे-पणजांपैकी बहुतेकांच्या नावावर जमीनच नव्हती. मग त्यांना पत कसली? त्यांच्याजवळ गहाण टाकायला एकच वस्तू होती, ती म्हणजे स्वतःची मेहनत. सालदाराने पाडव्याला उचल घ्यायची आणि वर्षभर ती अंगमेहनतीने फेडायची. पोराचे आजारपण निघाले, लग्न निघाले की उचल वाढायची आणि दुसरे साल त्याच वाड्यावर. किती फिटले, किती राहिले, याचा हिशेब मालकाच्या वहीत. ती वही वाचता येणारा माणूस सालदाराच्या घरी नव्हता.

दापुऱ्याची गोष्ट

दापुरा हे मूर्तिजापूर तालुक्यातील गाव. संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे झाला. वडील लहानपणीच गेले आणि छोटा देबू आईबरोबर दापुऱ्याला मामाच्या घरी आला. येथेच त्याने गुरे राखली, नांगर धरला.

देबूचे मामा चंद्रभानजी कष्टाळू शेतकरी. त्यांनी सावकाराशी व्यवहार केला आणि विश्वासावर पैसे भरत राहिले. भरलेल्या पैशाची पावती हाती ठेवली नाही. पुढे सावकाराने आकडा वाढवून शेतावर हक्क सांगितला. त्या धक्क्याने मामा खचले आणि त्यातच गेले. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण देबू नांगर सोडून हटला नाही, ही हकिगत बाबांच्या चरित्रांतून आलेली आहे. पुढे १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि हाती खराटा व गाडगे घेतले. कर्ज काढून सण करू नका, लग्नात उधळू नका, पोराला शाळेत घाला, हे ते आपल्या कीर्तनात आयुष्यभर सांगत राहिले. त्या सांगण्यामागे मामाचे शेत होते, असे आम्हाला दापुऱ्यात उभे राहिल्यावर वाटले.

गावातील एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांना ही गोष्ट पाठ होती. ते म्हणाले, "कर्ज तं साऱ्यायलेच लागते भाऊ. पण वही त्याच्याच घरी, लिहिणारा बी तोच, अन् वाचणारा बी तोच. मंग फिटन कसं?"

या एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र आले. कर्ज काढणे हे पाप नाही. दवाखाना, शिक्षण, घराचे छप्पर, धंद्याची गाडी यासाठी पैसा लागतोच. ज्या कर्जाची वही आपल्याला पाहता येत नाही, ते कर्ज माणसाला बुडवते.

ऋणमोचन

पुढे पूर्णेच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या भातकुली तालुक्यात ऋणमोचन हे गाव आहे. नावाचा अर्थच कर्जातून सुटका. पौष महिन्यातील रविवारी येथे यात्रा भरते. नदीत स्नान केले की ऋण फिटते, अशी श्रद्धा आहे. पिढ्यान्‌पिढ्या कर्जबाजारी माणसे येथे आली, स्नान करून परत गेली आणि घरी गेल्यावर सावकार दारात उभाच होता.

गाडगेबाबा येथे आले ते खराटा घेऊन. यात्रेतली घाण त्यांनी झाडली. चिखलातून उतरणाऱ्या माणसांचे हाल पाहून १९०८ च्या सुमारास लोकांच्या मदतीतून त्यांनी नदीवर घाट बांधविला. ज्या जागी लोक नशिबाने सुटका मागत होते, तेथे बाबांनी लोकांकडूनच वर्गणी आणि श्रम जमवून सर्वांच्या उपयोगाची वस्तू उभी केली. थोडे-थोडे सर्वांनी द्यायचे आणि त्याचा उपयोग सर्वांना व्हायचा. सहकाराचे मूळ याहून वेगळे काय आहे?

मूर्तिजापुरातही बाबांनी गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय उभे केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबाही गेले.

इतरांनी वाट कशी काढली

कर्जाची वही आपल्या हातात घेण्याची युक्ती जगात अनेक ठिकाणी गरिबांनीच काढली. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावात २८ कामगारांनी २८ पौंड जमा करून स्वतःचे दुकान काढले. माप खरे, भाव खरा, एका माणसाला एक मत आणि हिशेब सर्वांपुढे, हे त्यांचे नियम. जर्मनीत रायफायझन नावाच्या एका गावप्रमुखाने १८६४ साली शेतकऱ्यांची पतपेढी काढली. एकमेकांना ओळखणारी माणसे एकमेकांना जामीन राहतील, हा तिचा पाया होता.

आपल्याकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचा उठाव म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. रोखे जळाले, पण पुन्हा कर्ज लागलेच, कारण दुसरी सोय उभी नव्हती. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली. १९०४ साली सरकारने सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला.

तरीही सावकार हटला नाही. १९५१-५२ साली देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. खेड्यातील कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास निघाला, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के. ज्यांच्याजवळ तारण नव्हते त्यांच्यापर्यंत सहकार पोहोचलाच नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः अर्थशास्त्रज्ञ. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला तेव्हा त्याच्या जाहीरनाम्यात भूविकास बँका आणि उत्पादकांच्या सहकारी संस्था यांची मागणी होती. १९३८ साली त्यांनी मुंबई इलाख्यासाठी सावकारीवर परवाना व नियंत्रण आणणारे विधेयक तयार केले. वऱ्हाड त्यावेळी मध्यप्रांतात होते. तरी दुखणे एकच होते. सावकारी आजही संपलेली नाही. २०१४ साली महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा नवा कायदा आला. बेकायदा सावकारीत गेल्या १५ वर्षांत बळकावलेली स्थावर मालमत्ता परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. आपल्या वस्तीतील किती जणांना हे ठाऊक आहे?

बाजारपेठेतील पाट्या

ऋणमोचनहून आम्ही पुन्हा मूर्तिजापूरला आलो. बाजारातून फिरताना पतसंस्थांच्या पाट्या दिसतात, तशा त्या महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसतात. कोणी नागरी, कोणी ग्रामीण बिगरशेती, कोणी शिक्षकांची, कोणी पगारदारांची. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात १९८६ साली ७२ सभासद आणि १२ हजार रुपयांवर सुरू झालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था पुढे देशातील मोठ्या पतसंस्थांत गणली जाऊ लागली. लहान रकमेतून काय उभे राहते, हे वऱ्हाडाने पाहिलेले आहे.

आता थोडा हिशेब मांडू. घरातील सर्वांनी, विशेषतः माता-भगिनींनी तो वाचावा. शेकडा ५ रुपये महिना या दराने १० हजार रुपये घेतले, तर महिन्याला व्याज ५०० रुपये. वर्षाचे ६ हजार. आणि वर्षअखेर मुद्दल तसेच १० हजार उभे! हा दर वर्षाला ६० टक्के पडतो. तेच १० हजार पतसंस्थेकडून समजा वार्षिक १२ टक्क्यांनी, घटत्या बाकीवर, १२ हप्त्यांत घेतले तर हप्ता पडतो सुमारे ८८९ रुपये. वर्षात व्याज जाते सुमारे ६६२ रुपये आणि मुद्दलही फिटून जाते. उरलेला पैसा मुलीच्या शिक्षणाला लागतो.

शिवाय हे व्याज जाते कोणाकडे? संस्थेकडे, म्हणजे आपल्याच शेजाऱ्याच्या ठेवीवर. कायद्याने नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत ठेवावा लागतो. लाभांश १५ टक्क्यांच्या वर वाटता येत नाही. दहा भाग घेणारा असो की शंभर, मत एकच. संचालक मंडळावर एक जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि दोन जागा महिलांसाठी राखीव आहेत. ज्या माणसाला सावकाराच्या ओट्यावर चढता येत नव्हते, त्याची नात आज त्या मंडळाच्या बैठकीत बसून कर्ज मंजूर करू शकते.

आपली माणसे, आपला पैसा

एवढे असूनही लोक पतसंस्थेला भितात. त्यात त्यांचा दोष नाही. मूर्तिजापुरात आम्हाला एक बाई भेटल्या. धुणीभांडी करून त्यांनी दैनिक ठेवीत पैसे टाकले. ती संस्था बुडाली. त्या म्हणाल्या, "एजंट रोज दारात येत जाय. कागदावर सही करत जाय. मले काय मालूम, आत काय चालू हाये ते!" त्यांच्या लेकीचे लग्न त्या पैशावर ठरले होते. त्यानंतर त्यांनी आठवडी हप्त्याच्या एका कंपनीकडून कर्ज घेतले आणि आता तो हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे घेतले आहे.

अशा घरांची संख्या थोडी नाही. म्हणून स्पष्ट लिहितो. बँकेतील ठेवीला २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. जास्त व्याजाचे आमिष दाखवणारी संस्था आपली म्हणून तिच्यात सगळी पुंजी टाकू नये. जातीचा, गावाचा, चळवळीचा माणूस अध्यक्ष आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नये. आपली म्हणून वही न तपासणे हा आपलेपणा नाही, ती ढिलाई आहे. चंद्रभानजींनी विश्वासावर पैसे भरले. त्या बाईंनीही विश्वासावरच भरले. मधे शंभरहून अधिक वर्षे गेली, पण चूक तीच घडली.

मग पाहायचे काय? पहिली गोष्ट, भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी आणि पासबुकात नोंद झाली की नाही ते त्याच आठवड्यात पाहावे. दुसरी, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. तिचा अहवाल मागून घ्यावा. तिसरी, त्या अहवालात थकबाकी किती, संचालकांनी व त्यांच्या नातलगांनी घेतलेले कर्ज किती आणि लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता, ही तीन ठिकाणे आधी वाचावीत. इंग्रजी यावे लागत नाही, घरातील आठवी-नववीचे मूल वाचून दाखवू शकते. चौथी, जामीनदार म्हणून सही करताना हे कर्ज आपणच घेत आहोत असे समजावे. कारण घेणाऱ्याने भरले नाही तर ते आपल्याच पगारातून कापले जाते.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट फेडीची. सावकाराचे बुडविले तर एक सावकार बुडतो. पतसंस्थेचे बुडविले तर कोणा हमालाची, कोणा विधवेची ठेव बुडते. ऐपत असून हप्ता थकविणारा आणि वर सभेत मोठ्याने बोलणारा माणूस समाजाचे नुकसान करतो. त्याला हे तोंडावर सांगण्याचे धाडस आपण दाखवले पाहिजे.

भगवान बुद्धांनी दीघजाणू या गृहस्थाला संसाराचा जो उपदेश केला, त्यात उद्योग, मिळविलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि जमा-खर्चाचा मेळ या चार गोष्टी आहेत. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत एक सुख ऋण नसण्याचे आहे. पतसंस्थेचे नियम याच चार गोष्टींवर उभे आहेत, हे नीट पाहिले तर कोणालाही पटेल.

आपल्या माता-भगिनी यात मागे नाहीत. १९७४ साली अहमदाबादेत सुमारे ४ हजार कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपये घालून सेवा बँक काढली. सही येत नव्हती म्हणून पासबुकावर फोटो लावला. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या बायकांना आधी निरक्षर म्हणून बँकेचा परवाना नाकारला गेला होता. त्या शिकल्या, तोंडी व्याज काढून दाखविले आणि १९९७ साली त्यांची माणदेशी बँक उभी राहिली. वस्तीतील बचत गटात महिन्याला शे-दोनशे टाकणाऱ्या आपल्या बायका यांच्याच वाटेवर आहेत. त्यांच्या गटाची वही गटातील प्रत्येकीने वर्षातून एकदा तरी उघडून वाचावी, एवढीच विनंती.

येत्या सप्टेंबरात आपल्या पतसंस्थेची सभा असेल. चहा-फराळ घेऊन, हजेरीची सही करून परतण्याची आपली रीत आहे. यंदा बाबूराव असोत की शांताबाई, कोणीतरी उठून एक प्रश्न विचारावा : "साहेब, थकबाकी किती, ते सांगा." उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये. आपल्या आजोबांना जी वही कधी पाहायला मिळाली नाही, ती आज आपल्यापुढे ठेवणे त्यांना कायद्याने भाग आहे. ती उघडून पाहणे मात्र आपल्याच हाती आहे.